खवीस कोणाचा?

मुळशी तालुक्यातले नेरे गाव आता हिंजवडीच्या आयटी पार्कच्या शेजारात आले आहे. तरीही रात्री वीज गेली आणि मुले जमली की भुताची गोष्ट निघतेच. नेरे काय किंवा मुळशी-मावळातले दुसरे गाव काय, गोष्टीतली मंडळी ठरलेली: पिंपळावरचा मुंजा, पाणवठ्यावरची हडळ, वाट चुकवणारा चकवा आणि सगळ्यांत आडदांड असा खवीस. दहा-बारा वर्षांच्या पोरांना भीतीही हवी असते आणि पुढे काय झाले तेही ऐकायचे असते. आम्हीही असेच भीत भीत मोठे झालो. यातला खवीस आमच्या नावावर जमा आहे, हे मात्र उशिरा कळले.

मराठी भुतांना जात असते. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण सोडमुंजीआधी वारलेला ब्राह्मण मुलगा. खवीस म्हणजे मुसलमानाचे भूत. काही भागांत ते पूर्वास्पृश्य जातींतल्या माणसाचे मानतात. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी जमवलेल्या लोकसमजुती, १९०९ साली त्यांचा खून झाल्यावर, एन्थोवन यांनी संपादून छापल्या. त्यातला कोकणचा भाग १९१५ सालचा. ही माहिती बहुतांशी गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठवलेली आहे आणि भुतांची जातवार विभागणी तिच्यातही दिसते. म्हणजे माणूस मेला तरी त्याची पायरी सुटली नाही.

आता हा शब्द पाहा. अरबी ‘खबीस’ म्हणजे दुष्ट, नापाक. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि ‘ब’चा ‘व’ झाला. शौचाला जाताना म्हणायची जी दुआ आमच्या घरांत मुलांकडून पाठ करून घेतात, तिच्यातही याच धातूचे शब्द आहेत. ज्या खबीसांपासून आमची मुले अल्लाहचा आसरा मागतात, तोच गावच्या गोष्टीत आमच्या माणसाचा आत्मा ठरला! वास्तविक आमच्या श्रद्धेप्रमाणे मेलेल्याचा रूह कयामतपर्यंत बरजखमध्ये असतो. तो झाडावर बसायला येत नाही. जिन ही आगीपासून घडवलेली निराळीच मखलूक. कुरआनातली ७२वी सूरत त्यांच्याच नावाची आहे आणि तिच्यात ईमान आणणारे जिनही आहेत.

पण दोष एकट्या शेजाऱ्यांना देऊन चालणार नाही. आमच्याही दादी-नानींनी चुडैल आणि आसेबच्या भीतीने मुलांना दिवेलागणीनंतर उंबऱ्याबाहेर जाऊ दिले नाही. आजारी पोराला डॉक्टरऐवजी तावीज देणारी घरे आम्ही पाहिली आहेत. गोष्टीतली भीती आणि आयुष्यातली भीती यांतला फरक आम्हीही मुलांना शिकवला नाही.

दुसरी वाटही मराठीतच होती. पुण्याचे कृष्णशास्त्री चिपळूणकर (१८२४–१८७८) यांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी इंग्रजीवरून मराठीत आणायला घेतल्या; ते काम पुढे विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनी चालवले. एका संस्कृत पंडिताने मराठी मुलांच्या हाती जिन दिला, आणि तो कोणाच्या जातीचा म्हणून नव्हे, गोष्टीतला म्हणून दिला. हजरत सुलैमानांची मोहर असलेल्या भांड्यातून जिन निघतो, कोळ्याला मारायला उठतो आणि कोळी त्याला अकलेने पुन्हा भांड्यात घालतो. मूल घाबरते, मग हसते आणि डोके चालवायला शिकते. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीणही अशीच. तिला मुले भितात आणि हसतातही, पण तिची जात कोणी विचारत नाही.

तेव्हा आमच्या लिहित्या मित्रांना एक विनंती आहे. मुलांसाठी भुताच्या गोष्टी जरूर लिहाव्यात. अंधार असावा, पडका वाडा असावा, खवीसही असावा. मात्र नेऱ्याच्या शाळेत एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांनी ती गोष्ट वाचली, तर दोघांनी सारखेच घाबरावे. एकाने दुसऱ्याकडे वळून ‘हा तुमच्यातला ना?’ असे विचारू नये.