नाकातील इम्प्लांट किती स्थिर?

नाकाचा आकार बदलण्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेस ऱ्हायनोप्लास्टी म्हणतात. बसक्या नाकाचा दांडा उंच करताना त्वचेखाली आधार द्यावा लागतो. हा आधार कृत्रिम असल्यास त्याला इम्प्लांट म्हणतात. तो कायम जागेवर राहील काय, हे मुख्यतः तो कशाचा आहे आणि कसा बसवला आहे, यावर ठरते.

पूर्व आशियात सिलिकॉनचा वापर बराच होतो. सिलिकॉन गुळगुळीत असल्याने त्यात पेशी शिरत नाहीत. त्याभोवती तंतुमय आवरण तयार होते. त्यामुळे ते काढणे सोपे, पण सरकण्याची शक्यता अधिक. सच्छिद्र पॉलिइथिलीनमध्ये ऊती वाढून ते घट्ट धरले जाते. मात्र जंतुसंसर्ग झाल्यास ते काढणे अवघड ठरते.

शल्यविशारद हाडावरील पातळ आवरणाखाली इम्प्लांटच्या मापाचीच जागा तयार करतात. ही जागा सैल झाली तर इम्प्लांट हलते वा तिरके होते. नाकाच्या शेंड्यापर्यंत जाणाऱ्या इंग्रजी 'एल' आकाराच्या इम्प्लांटचा तेथील त्वचेवर सतत ताण पडतो. त्वचा पातळ होऊन इम्प्लांट बाहेर येण्याचा धोका अनेक वर्षांनंतरही संभवतो. म्हणून शेंड्यासाठी बहुधा रुग्णाचीच कूर्चा वापरली जाते.

ही कूर्चा नाकाच्या पडद्यातून, कानातून किंवा बरगडीतून घेतात. तिच्यात जंतुसंसर्गाचा धोका कमी असतो. तथापि, बरगडीची कूर्चा कालांतराने वाकू शकते. गिब्सन व डेव्हिस यांनी १९५८ मध्ये ती समतोल कापण्याचे तत्त्व मांडले. ते आजही उपयोगी पडते.

आरंभीचे काही आठवडे महत्त्वाचे असतात. नाकावरील आधारपट्टी साधारण आठवडाभर ठेवतात. त्यानंतरही चष्म्याचा भार, जोरात नाक शिंकरणे, पालथे झोपणे आणि धक्काबुक्कीचे खेळ डॉक्टरांनी सांगितलेल्या काळापर्यंत टाळावेत. धूम्रपानाने जखम भरण्यास विलंब होतो.

नाक तिरके दिसणे, शेंडा लाल, चकचकीत वा पांढुरका होणे, वेदना किंवा पू येणे ही धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी नाक दाबून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. त्वरित शल्यविशारदास दाखवावे. त्वचा फाटण्यापूर्वी इम्प्लांट काढल्यास नाकाची पुढील हानी बहुधा टळते. शस्त्रक्रियेपूर्वीच इम्प्लांटचा प्रकार विचारून त्याची नोंद जपून ठेवणे हिताचे.