केनेकॉटची लाल गिरणी : वारसा कोणाचा, सातबारा कोणाचा?

अलास्कातील रँगेल पर्वतराजीत, एका हिमनदीच्या काठावर, डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली चौदा मजली लाल लाकडी इमारत उभी आहे. ही केनेकॉटची तांब्याची गिरणी. १९८६ साली तिला ‘राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ’ हा अमेरिकेतील सर्वोच्च वारसादर्जा मिळाला. त्यानंतरही बारा वर्षे ती खासगी मालमत्ताच राहिली आणि दर हिवाळ्यात बर्फाच्या भाराखाली आणखी जीर्ण होत गेली. हा विरोधाभास समजून घ्यायचा, तर वास्तुशास्त्राआधी जमिनीचा कायदा वाचावा लागतो.

प्रथम गिरणीविषयी. १९०० साली जॅक स्मिथ आणि क्लॅरेन्स वॉर्नर या दोन शोधकांना दूरवरच्या डोंगरावर हिरवा पट्टा दिसला. घोड्यांना चारा मिळेल असे त्यांना वाटले म्हणतात. निघाले ते तांब्याचे खनिज, तेही असाधारण समृद्ध. स्टीफन बर्च या तरुण अभियंत्याने हे दावे एकत्र केले, मॉर्गन आणि गुगेनहाइम यांचे भांडवल आले आणि कॉर्डोव्हा बंदरापर्यंत १९६ मैलांचा लोहमार्ग टाकला गेला. १९११ साली खनिजाची पहिली गाडी सुटली. शेवटची गाडी १९३८ साली. (हिमनदीचे नाव रॉबर्ट केनिकॉट या निसर्ग-अभ्यासकावरून पडले आहे. कंपनीच्या नावात ‘नि’चा ‘ने’ झाला तो केवळ लेखनदोषाने, आणि तोच रूढ झाला.)

गिरणीचा आकार हाच तिचा कारभार होता. डोंगरमाथ्यावरील खाणींतून दोरमार्गाने दगड सर्वांत वरच्या मजल्यावर येई. तेथे तो फोडला जाई, चाळला जाई आणि एकेक मजला खाली उतरत जाई. हलत्या टेबलांवर पाण्याच्या साहाय्याने जड तांबे हलक्या चुनखडीपासून वेगळे होई. दगड खाली नेण्याचे काम गुरुत्वाकर्षणच करी. उरलेल्या चुऱ्यातही तांबे होते, परंतु आम्ल वापरावे तर चुनखडीच ते पिऊन टाकणार. म्हणून येथे अमोनियाने तांबे विरघळवण्याची पद्धत विकसित झाली, आणि धातुविज्ञानाच्या इतिहासात केनेकॉटचे नाव राहिले ते मुख्यतः त्यामुळे. अशा वास्तूत यंत्रे काढून संग्रहालयात ठेवता येत नाहीत आणि इमारत रिकामी करून जपता येत नाही. जपायची तर दोन्ही एकत्र.

आता जमीन. अमेरिकेच्या १८७२ च्या खाण कायद्यानुसार सरकारी जमिनीवर खनिज शोधणाऱ्याला दावा लावता येई आणि अटी पूर्ण केल्यावर एकरी ५ डॉलर भरून ती जमीन कायमची स्वतःच्या नावावर करून घेता येई. या मालकीपत्राला तिकडे ‘पेटंट’ म्हणतात. आपल्याकडची ‘सनद’ आठवावी. गिरणीसाठीही खनिज नसलेली ५ एकरांपर्यंत जमीन मागण्याची वेगळी तरतूद होती. खाण संपली, तरी सनद संपत नाही. त्यामुळे १९७८ साली हा प्रदेश राष्ट्रीय स्मारक आणि १९८० साली राष्ट्रीय उद्यान झाला, तेव्हा देशातील या सर्वांत मोठ्या उद्यानाच्या पोटात केनेकॉट हे खासगी बेट म्हणून उरले. त्याआधी, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, अपघाताची जबाबदारी नको म्हणून मालक कंपनीने हे गाव पाडण्याचे काम दिले होते. काही इमारती गेल्या आणि काम अर्धवट थांबले. गिरणी वाचली ती या अर्धवटपणामुळे, कोणत्याही कायद्यामुळे नव्हे. पुढे परिसरातील जमिनीचे तुकडे पाडून भूखंडही विकले गेले. हा भाग अलास्काच्या ‘असंघटित’ प्रदेशात येतो. तेथे झोनिंग ठरवणारे स्थानिक शासनच नाही.

मग १९८६ च्या दर्जाने काय साधले? भारतीय वाचकाची येथे हमखास गल्लत होते. आपल्या १९५८ च्या कायद्यात, २०१० च्या दुरुस्तीनंतर, संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. खासगी मालकालाही ते चुकत नाही. अमेरिकेतील १९६६ च्या वारसा कायद्याचे कलम १०६ मात्र संघराज्य सरकारच्या यंत्रणांना बांधते. सरकारी पैसा, परवानगी किंवा प्रकल्प असेल, तर वारशावरील परिणामाचा विचार आणि सल्लामसलत अनिवार्य. तीही सल्लामसलतच, नकाराधिकार नव्हे. स्वतःच्या पैशाने स्वतःची वास्तू पाडणाऱ्या मालकाला हे कलम अडवत नाही. १९८० पासून तर खासगी मालकाने हरकत घेतल्यास त्याच्या वास्तूची राष्ट्रीय नोंदही होत नाही. दर्जा म्हणजे सन्मान. संरक्षण त्यात गृहीत नाही. माझ्या मते या व्यवस्थेचा हा मोठा दोष आहे, जरी मालमत्तेच्या हक्काचा त्यामागचा युक्तिवाद मला पटकन झटकून टाकता येत नाही.

तेव्हा उपाय उरला तो खरेदीचा. १९९८ साली राष्ट्रीय उद्यान सेवेने गिरणी आणि गावातील अनेक महत्त्वाच्या इमारती विकत घेतल्या. त्या क्षणापासून कलम १०६ लागू झाले, ते नव्या मालकालाच. पाया बदलायचा वा छप्पर घालायचे, तर आता उद्यान सेवेला स्वतःलाच ती प्रक्रिया पाळावी लागते. सर्व काही नव्याने उभारायचे नाही, असे धोरण ठरले: काही इमारती पूर्ववत करायच्या, गिरणीसारख्या वास्तू कोसळणार नाहीत इतपत स्थिर ठेवायच्या आणि काही पडझडीला सोडून द्यायच्या. भोवतालचे कित्येक भूखंड अजूनही खासगी आहेत, आणि उद्यानातून तेथवर पुरेशी वाट मिळण्याचा त्यांच्या मालकांचा हक्क १९८० च्या कायद्यानेच राखून ठेवला आहे.

आज गिरणी पाहायची, तर वाटाड्याबरोबरच जावे लागते. समोरची राखाडी टेकाडे खाणीचा राडारोडा नाहीत. ती दगडगोट्यांनी झाकलेली हिमनदीच आहे. डोंगर चढून वरच्या मजल्यावरून आत शिरायचे आणि दगड ज्या वाटेने उतरत असे त्याच वाटेने, यंत्रांच्या शेजारून, खाली यायचे.