गोदाकाठ (निफाड)

गोदाकाठ हा महाराष्ट्रातील नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी नदीलगत पसरलेला सुपीक मैदानी प्रदेश आहे. चांदोरी, सायखेडा ही येथील प्रमुख गावे होत. नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरी व कादवा या नद्यांचा संगम होतो.

भूरचना

हा प्रदेश दख्खनच्या पठारावर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. बेसाल्ट खडकाची झीज आणि नद्यांनी आणलेला गाळ यांपासून बनलेली येथील काळी माती ओलावा दीर्घकाळ धरून ठेवते. नांदूर मध्यमेश्वर परिसरातील नदीगाळात प्राचीन हत्तीचे अवशेष आढळले असून, जी. ई. पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये त्यांविषयी लेख प्रसिद्ध केला.

शेती

कमी पावसाच्या या पट्ट्यात नैसर्गिकरीत्या गवत व काटेरी झुडपे वाढतात. सिंचनाच्या विस्ताराबरोबर सपाट जमिनीचा बहुतांश भाग द्राक्षे, ऊस, कांदा व गहू यांच्या लागवडीखाली आला. हिवाळ्यातील कडाक्याची थंडी गव्हाला मानवते. निफाड येथील कृषी संशोधन केंद्राने ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’ आदी गव्हाचे वाण विकसित केले आहेत.

जीवसृष्टी

विसाव्या शतकाच्या प्रारंभी नांदूर मध्यमेश्वर येथे सिंचनासाठी बंधारा बांधण्यात आला. जलाशयात गाळ साचत गेल्याने उथळ पाणथळी, बेटे व गवताळ काठ तयार झाले. १९८६ मध्ये हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळालेले हे महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र असून, त्याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली. तेथे वनस्पती व प्राण्यांच्या ५३६ प्रजातींची नोंद आहे. हिवाळ्यात तलवार बदक, थापट्या, चक्रवाक आदी पक्षी येतात. भोवत्या हा शिकारी पक्षी मोकळ्या माळावर व शेतांवर खालून उडत भक्ष्य शोधतो आणि रात्री गवतात जमिनीवरच विसावतो. त्यामुळे पाण्याइतकेच गवताचे रक्षणही महत्त्वाचे ठरते. उसाच्या दाट पिकात बिबट्याला आसरा मिळत असल्याने मानव–बिबट्या संघर्ष उद्भवतो.

समस्या

पाण्याचा वाढता उपसा, जलपर्णीचा फैलाव आणि नागरी वस्तीचा विस्तार हे पाणथळ क्षेत्रापुढील प्रमुख धोके आहेत. अतिवृष्टीच्या वर्षी चांदोरी व सायखेडा या गावांत पुराचे पाणी शिरते. माळरानांची गणना ‘पडीक जमीन’ अशी होत असल्याने गवताळ अधिवासाच्या संवर्धनाकडे दुर्लक्ष होते.