तटातील दिंडी

जंतुशास्त्राच्या इतिहासात रंगांनी जेवढे काम केले, तेवढे दुसऱ्या कोणत्याही एका साधनाने क्वचितच केले असेल. हान्स क्रिश्चन ग्राम हा डॅनिश वैद्य १८८४ साली बर्लिन येथे, फुप्फुसदाहाने मेलेल्या रोग्यांच्या फुप्फुसांतील जंतू स्पष्ट दिसावेत म्हणून निरनिराळे रंग वापरून पाहत होता. त्यास आढळले, की जांभळा रंग चढवून, त्यावर आयोडिनचे पाणी देऊन, मग मद्यार्काने धुतले असता काही जंतू तो रंग सोडीत नाहीत. काही मात्र, उदाहरणार्थ विषमज्वराचे, फिके पडतात. आपली पद्धती अपुरी आहे असे ग्रामने स्वतःच लिहून ठेवले. पुढील पिढ्यांनी तिच्याच आधारे जंतुसृष्टीचे दोन मोठे भाग पाडले : रंग धरणारे ते ग्राम-धन, सोडणारे ते ग्राम-ऋण.

या भेदाचे मूळ कळण्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा काळ यावा लागला. ग्राम-धन जंतूची भिंत जाड असते. ग्राम-ऋण जंतूची भिंत पातळ, पण तिच्याबाहेर स्निग्ध द्रव्याचे आणखी एक पटल असते. किल्ल्याची उपमा द्यावयाची तर बालेकिल्ला दोहोंसही आहे, बाहेरचा तट मात्र दुसऱ्यासच. या तटाचा प्रताप तो दृष्टीस पडण्यापूर्वीच अनुभवास आला होता. अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२९ साली पेनिसिलिनविषयी जो पहिला निबंध छापला, त्याच्या मथळ्यातच इन्फ्ल्युएंझाचा म्हणून समजल्या जाणाऱ्या जंतूचे नाव आहे. हा जंतू ग्राम-ऋण; पेनिसिलिनला तो दाद देत नसे. तेव्हा संवर्धनपात्रात पेनिसिलिन घालावे, इतर जंतूंची वाढ खुंटावी आणि हा निर्वेध वाढावा, असा उपयोग फ्लेमिंगने सुचविला. ज्या औषधाने पुढे लक्षावधी प्राण वाचविले, त्याची पहिली नेमणूक एका जंतूच्या शेतातील तण काढण्यावर व्हावी, ही गोष्ट आम्हांस मोठी मौजेची वाटते.

परंतु तट इतका अभेद्य असेल, तर आत राहणारा जगतो कशावर? स्निग्ध पटलातून साखर सहजी पार होत नाही. आणि जंतूस तर साखर, क्षार, अमिनो आम्ले घटकेघटकेस लागतात. १९६५ साली लोरेटा लीव्ह या विदुषीने दाखविले, की कॅल्शियम व मॅग्नेशियम ओढून घेणाऱ्या ई.डी.टी.ए. या द्रव्याने कोलाय जंतूस थोडा वेळ धुतले असता, एरवी आत न शिरणारे अॅक्टिनोमायसिन आत शिरते. तट ढिला करता येतो एवढे ठरले. त्यास मुळातच एखादी दिंडी आहे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

तो सोडविला बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील हिरोशी निकाइदो आणि त्यांचे सहकारी ताइजी नाकाए यांनी. आणि तोही साखरेच्या साहाय्याने. लहानमोठ्या रेणूंच्या शर्करा घेऊन त्यांनी साल्मोनेला जंतूच्या बाह्य पटलाची परीक्षा केली. उसाची साखर, जिचा रेणुभार ३४२, ती विनासायास आत गेली. सुमारे ६०० ते ७०० च्या पुढील रेणू बहुतांशी बाहेरच राहिले. म्हणजे तट चाळणीसारखा वागत होता. मग नाकाए यांनी पटलातील प्रथिने वेगळी केली, स्निग्ध द्रव्यांच्या सूक्ष्म पोकळ पुटिका बनविल्या, आणि ती प्रथिने त्यांच्या भिंतीत बसवून पाहिली. एका विशिष्ट प्रथिनसमूहाने आतली साखर पाझरून गेली. डेक्स्ट्रान नावाचा अवाढव्य रेणू मात्र जागच्या जागी कोंडलेला राहिला. १९७६ साली या प्रथिनास पोरिन हे नाव मिळाले. येथे कोणी काही डोळ्यांनी पाहिले नव्हते. काय गेले आणि काय राहिले, एवढीच मोजदाद होती. पोरिनांची कथा पुढील काळातील सुबक चित्रांपासून सुरू करण्याचा मोह पुष्कळांस होतो. आमच्या मते दिंडी सापडली ती याच मोजदादीत.

तिची घडण पाहण्याचे काम युरोपात झाले. बाझेलच्या युर्ग रोझेनबुश यांनी १९७४ सालीच, म्हणजे नामकरणाच्या आधी, कोलाय जंतूच्या आवरणातून हे प्रथिन शुद्ध केले होते. एकेका जंतूत त्याच्या लाखाहून अधिक प्रती! आणि ठेवण पाहावी तर सपाट पट्ट्यांची. हे चमत्कारिकच होते; कारण १९७५ साली हेंडरसन व अनविन यांनी खाऱ्या पाण्यातील एका सूक्ष्मजीवाच्या पटलप्रथिनाचे जे चित्र मिळविले, त्यात सात मळसूत्री दांडे होते, आणि पटलातील प्रथिने अशीच असावयाची असा समज पुढे बळावला. गाराविटो व रोझेनबुश यांनी १९८० साली पोरिनचे स्फटिक तयार केले खरे. पण क्ष-किरणांनी त्यांचे रहस्य उलगडण्यास १९९२ उजाडले. तोपर्यंत फ्रायबुर्गच्या गेओर्ग शुल्त्स यांच्या मंडळींनी एका प्रकाशजीवी जंतूच्या पोरिनची रचना प्रसिद्ध करून बाजी मारली होती.

पोरिन हे सोळा तिरप्या पट्ट्यांचे पिंप आहे. पट्टीतील एकाआड एक अमिनो आम्ल बाहेरच्या स्निग्ध द्रव्याकडे व आतल्या पाण्याकडे तोंड करते. अशी तीन पिंपे एकमेकांस बिलगून असतात. प्रत्येकात प्रथिनाचाच एक फास आत वळून मध्यावर वाट आवळतो. कोलायच्या ओम्पएफ पोरिनमध्ये ती अवघी ७ बाय ११ अँगस्ट्रॉम उरते, आणि अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोट्यंश. शिवाय तेथे एका अंगास ऋण विद्युत्भार व दुसऱ्या अंगास धन. म्हणून केवळ आकार पुरत नाही. पेनिसिलिनचा रेणुभार ३३४. मापाने तो दिंडीत मावतो, पण स्वभावाने अडखळतो. १९६१ साली आलेल्या अँपिसिलिनमध्ये एक अमिनो गट अधिक आहे. तेवढ्यानेच त्याचा प्रवेश पुष्कळ सुकर झाला.

सोळा हाच आकडा मात्र नियत नव्हे. आठ पट्ट्यांची पिंपे आहेत, अठरांची आहेत, बावीसांचीही आहेत. २०१० साली ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी अमिनो आम्लांचे क्रम ताडून असा निष्कर्ष काढला, की ही सर्व पिंपे दोन पट्ट्यांच्या एका आद्य चिमट्याची पुनरावृत्ती होऊन घडली असावीत. निसर्गाने मळसूत्री दांडे येथे का टाळले, याचेही उत्तर समाधानकारक वाटते : असा स्निग्ध दांडा तटापर्यंत पोचण्यापूर्वी आतल्या पटलातच रुतून बसला असता. आपल्या स्वतःच्या पेशींतील मायटोकाँड्रिया हे प्राचीन जंतूंचेच वंशज. त्यांच्या बाह्य पटलातही असेच पिंप आहे, पट्ट्या मात्र एकोणीस. ते पिंप थेट पोरिनचेच वंशज आहे की काय याविषयी मतभेद आहेत. परंतु पिंपे पटलात बसविणारे यंत्र दोन्हीकडे एकाच कुळातले आहे, हे निर्विवाद.

दिंडीतून अन्न येते तसे विषही येते, आणि जंतूस दोहोंचा हिशेब ठेवावा लागतो. स्यूडोमोनस नावाचा जंतू जळालेल्या व अशक्त रोग्यांस विशेष छळतो. त्याच्या तटात ओप्रडी नावाची एक दिंडी आहे. तिच्यातून तो काही अमिनो आम्ले घेतो, आणि तिच्यातूनच इमिपेनेम हे प्रबळ औषध त्याच्या अंगी शिरते. रुग्णालयात हे औषध चालू असता ज्या जंतूत ही दिंडी अपघाताने बिघडलेली असते, तोच तगतो आणि त्याचीच प्रजा वाढते. एका अन्नाची वाट बुजली, हे त्यास परवडते. रोग्याच्या तपासणीच्या कागदावर मात्र एवढेच लिहून येते, की इमिपेनेम लागू पडत नाही. आणि वैद्यास दुसरे औषध शोधावे लागते.