डोक्यावरचे सोडण

नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर दर्याला नारळ अर्पण झाला, की नारळ लढवण्याचा खेळ रंगतो. दोघांच्या हातांत सोललेले नारळ, एकाचा दुसऱ्यावर आघात. ज्याचा फुटेल तो हरला. हा नारळ सोललेला असतो, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. तोच नारळ सोडणासकट, म्हणजे बाहेरच्या काथ्याच्या वेष्टनासकट, माडावरून खाली जांभ्यावर आदळला तर बहुधा शाबूत राहतो. करवंटी कठीण खरी, पण तिला वाचवते ते बाहेरचे दबणारे सोडण. सायकलस्वाराच्या हेल्मेटचा मागोवा घेऊ लागलो की कळते, एवढी गोष्ट उमगायला माणसाला कित्येक शतके लागली.

आरंभी डोक्याचे रक्षण म्हणजे पोलाद. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी पागोट्याखाली लोखंडी टोप घातला होता, असे परंपरा सांगते. पाच वर्षांनी, १६६४ मध्ये मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू झाले. त्या काळातल्या लढवय्याचा भरवसा शिरस्त्राणाच्या कठीणपणावर होता आणि तो रास्तच होता. तलवारीचे पाते अडले की काम भागले. पडणाऱ्या माणसाचा शत्रू मात्र पाते नसून वेग असतो. डोके जमिनीवर आपटून थांबते, आतला मेंदू पुढेच जाऊ पाहतो. पोलाद वार अडवते, वेग जिरवत नाही. गंमत अशी, की पागोट्याचे थर आणि खालचा टोप या जोडीत पुढच्या हेल्मेटची दोन्ही अंगे, मऊ आणि कठीण, आधीच शेजारी येऊन बसली होती.

वेगाने पडण्याचा नवा मार्ग युरोपाने खुला केला. १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल ड्राइसने पायांनी रेटण्याची दुचाकी चालवली, आणि १८७० च्या दशकात पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच झाले. चाकाला दगड लागला की स्वार हँडलवरून थेट डोक्यावर. या अपघाताला बैठकच उंच असल्याने तोड नव्हती. १८८० च्या दशकात काही स्वारांनी डोक्यावर चढवली ती सोला हॅट. ती ज्या दलदलीतल्या वनस्पतीच्या गाभ्यापासून बनते, तिला आपण भेंड म्हणतो. याच भेंडाची बाशिंगे आपल्या लग्नांत नवरदेवांच्या कपाळी बांधली गेली. हलके, ठिसूळ, दाबले तर पिचणारे हे भेंड आदळताच फुटे, आणि फुटता फुटता थोडा वेग खाऊन टाकी. पोलादाला न जमलेले काम एका पाणवनस्पतीने केले. पण त्याचे मर्म कुणी मांडले नाही. १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्लीची बुटकी रोव्हर सायकल आली, पडण्याची उंची घटली आणि भेंडाची टोपी मागे पडली. पुढची कित्येक दशके शर्यतींतले स्वार कातडी पट्ट्यांच्या टोपीवर भागवत राहिले.

मर्म सापडायला एक मृत्यू कारण झाला. मे १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स होते. केर्न्सनी पुढे लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमा अभ्यासून १९४१ मध्ये हेल्मेटचे महत्त्व मांडले. १९४३ मध्ये ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबोर्न यांनी दाखवले, की मेंदूला सरळ धक्क्यापेक्षा गरकन फिरणे अधिक घातक ठरते. अमेरिकेत रॉथ आणि लोम्बार्ड यांना १९५३ मध्ये पेटंट मिळाले ते आत पिचणारा थर असलेल्या हेल्मेटचे. भेंडाचा गुण आता सिद्धान्त झाला. १९५० च्या सुमारास जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीत फुगवलेल्या पॉलिस्टायरीनच्या मण्यांचा हलका फेस तयार झाला होता. तोच आपला थर्मोकोल. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या बेल कंपनीने बाहेर कठीण कवच आणि आत हा फेस घालून खास सायकलसाठी हेल्मेट काढले. करवंटी बाहेर, सोडण आत: नारळ जणू उलटा करून डोक्यावर आला.

पुढच्याच वर्षी, १९७६ च्या ऑक्टोबरात, कॅलिफोर्नियातल्या डोंगरउतारावर जुन्या जाड टायरच्या सायकलींची शर्यत भरली आणि माउंटन बायकिंगचा पाया घातला गेला. दगडधोंड्यांतून उतरताना हँडलवरून डोक्यावर पडण्याचा जुना प्रकार डोंगरात पुन्हा अवतरला. सडकेवरच्या शर्यतीतही मार्च २००३ मध्ये कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह डोक्याच्या जखमेने गेला आणि त्याच वर्षी जागतिक सायकल संघटनेने व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचे केले. होलबोर्न यांचा धडा वापरात यायला आणखी वेळ लागला. १९९६ पासून स्वीडनमधले शल्यविशारद हान्स फॉन होल्स्ट आणि अभियंता पीटर हाल्दिन यांनी डोके आत किंचित सरकू देणारा निसरडा थर घडवला. तिरक्या आघातात डोक्याचे गरकन फिरणे तो कमी करतो.

आता आपण मालवणकडे, सिंधुदुर्ग जिल्ह्यात परत येऊ. आंबोलीचा वा करूळचा घाट उतरणाऱ्या, जांभ्याच्या सड्यावर चाक घालणाऱ्या सायकलस्वाराला मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ लागू नाही. त्यातली हेल्मेटसक्ती मोटारसायकलसाठी आहे. पण पावसाळ्यात शेवाळलेला सडा कलम वाचत नाही, आणि डोक्याला गंभीर मार लागला तर रुग्णाला बहुधा न्यावे लागते ते गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात, मालवणहून शंभरेक किलोमीटरांवर. तरी आपल्या घरांतली काटकसर तडकलेले हेल्मेट चिकटपट्टी लावून धाकट्याच्या डोक्यावर ठेवते. एकदा दबलेला फेस पुन्हा फुगत नाही. बाहेरून धड दिसले तरी ते आपले काम करून चुकलेले असते.

भेंडाची जागा घेत थर्मोकोल बाशिंगात आला, गणपतीच्या मखरात आला; २०१८ च्या बंदीने महाराष्ट्रातल्या मखरांतून तो उठला. हेल्मेटमध्ये मात्र त्याची जागा अजून पक्की आहे. बंदरावरच्या खेळात फुटलेला नारळ हरतो. घाटात पडलेला स्वार उठून बसला आणि त्याचे हेल्मेट तडकलेले निघाले, तर तिथे फुटलेलेच जिंकले, असे आपण म्हणावे. आणि मग ते खुंटीला परत अडकवू नये.