पांढऱ्या शेपटीचं मडगार्ड

आमच्या सांगलीच्या घरी बाबांची एक काळी सायकल होती. अठ्ठावीस इंची चाकांची, दांडीचे ब्रेक, पूर्ण चेनकव्हर आणि पत्र्याची जाड मडगार्डं. खंडेनवमीला बाबा ती धुऊन, रॉकेलच्या फडक्याने पुसून, हार घालून अंगणात उभी करायचे. मागच्या मडगार्डाच्या टोकाला वीतभर पांढरा रंग होता आणि त्याच्यावर लाल काच. तो पांढरा पट्टा ते जरा जास्तच घासायचे. एकदा मी विचारलं, "बाबा, हा पांढरा कशाला हो?" तर म्हणाले, "कंपनीतूनच तसा येतो." विषय संपला. गल्लीतल्या सगळ्याच काळ्या सायकलींना तो असायचा. गाढवाचं पोट पांढरं का, असं कोणी विचारतं का? तसंच ते.

या प्रश्नाचं उत्तर मला पंचवीसेक वर्षांनी मिळालं, आणि तेही हाड मोडल्यानंतर. म्हणून आधी हाडाची गोष्ट सांगतो.

इंग्लंडमध्ये येऊन मला आता दहा वर्षं होतील. कॉव्हेंट्रीच्या जवळ राहतो, दिवसभर लोकांच्या सर्व्हरची दुखणी ऐकतो आणि शनिवारी सायकल चालवतो. तीन वर्षांपूर्वी एका मित्राबरोबर व्हाइटहेवनहून पूर्व किनाऱ्यापर्यंत, म्हणजे एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत, सायकलने जायचं ठरवलं. अंतर सव्वादोनशे किलोमीटर. पाऊस गृहीतच. तेव्हा मडगार्ड हवंच. एका दुकानातून स्वस्तातली जोडी आणली (नाव कशाला घ्या!) आणि गॅरेजमध्ये स्वतःच बसवली. कॉम्प्युटर इंजिनिअरला आपल्याला सगळंच जमतं असं वाटतं, हा आमचा जातीचा दोष. दिसायला छान म्हणून टायर आणि मडगार्डमध्ये जेमतेम बोटाच्या नखाएवढी फट ठेवली.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी कालव्याच्या काठच्या वाटेने चाललो होतो. कुंपणाची छाटणी नुकतीच झालेली, काटेरी काटक्या वाटेवर पडलेल्या. त्यातली एक पुढच्या चाकाने उचलली आणि मडगार्डात ओढली. काटकीला जायला जागा नव्हती. मडगार्ड दुमडलं, त्याच्या तारा वाकल्या आणि तो सगळा गोळा चिमट्याच्या खांद्याशी जाऊन अडकला. चाक जागच्या जागी थांबलं. मी थांबलो नाही. हँडलवरून पुढे, डाव्या खांद्यावर. कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात आणि बायकोचं एकच वाक्य: "एवढ्याशा पत्र्यासाठी?"

आता हात गळ्यात असल्यावर माणूस वाचण्यापलीकडे काय करणार? मडगार्डाबद्दल जे जे मिळेल ते वाचत गेलो. आणि लक्षात आलं की मी ज्या गावांच्या मधे राहतो, तिथेच या गोष्टीचा बराचसा इतिहास घडलाय.

मडगार्ड सायकलइतकं जुनं नाही. पुढचं चाक माणसाएवढं आणि मागचं ताटलीएवढं अशी ती 'पेनी-फार्दिंग' सायकल होती, तेव्हा चिखलापेक्षा डोकं फुटायची भीती मोठी. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने 'रोव्हर' सायकल आणली. जवळजवळ सारखी चाकं, मधे बसलेला माणूस आणि मागच्या चाकाला साखळी. आजची सायकल म्हणजे हीच. त्या काळी तिला 'सेफ्टी' म्हणत, कारण खरोखरच पडायची भीती कमी झाली. पण भिजायची वाढली! कारण माणूस आता दोन फिरत्या चाकांच्या मधोमध आला. चाकावरचं पाणी स्पर्शरेषेत उडतं हे आपण नववीत शिकलो. मागच्या चाकाचं उडतं ते थेट पाठीच्या कण्यावर रेघ ओढतं आणि पुढच्याचं पायांवर आणि साखळीवर येतं. पुढे १८८८ मध्ये डनलॉपने बेलफास्टमध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. टायर रुंद झाले, वेग वाढला आणि चिखलही जास्त उडायला लागला. थोडक्यात, एक बग सोडवताना दोन नवे तयार झाले.

त्यात भर म्हणजे बायका सायकल चालवायला लागल्या. घोळदार झगे चाकात जायचे. म्हणून मागच्या मडगार्डाच्या कडेला ओळीने भोकं पाडून त्यातून दोऱ्या ओवायच्या आणि खाली चाकाच्या आसापर्यंत ताणून बांधायच्या. झाली जाळी! आपल्याकडच्या लेडीज सायकलींची जाळी ती हीच. मोटारसायकलचं साडीगार्ड हेही त्याच घराण्यातलं, फक्त झग्याच्या जागी साडी आली.

पत्र्याचं मडगार्ड मजबूत, पण जड आणि खडखडणारं. रविवारी शंभर मैल मारणाऱ्यांना ते नको होतं. पर्याय निघाला तो माझ्या घरापासून सायकलने तासाभरात जाता येईल अशा वोल्स्टन नावाच्या खेड्यात. तिथे ब्ल्यूमेल बंधूंचा कारखाना होता. हे घराणं मूळचं लंडनचं, हातातल्या काठ्या आणि छत्रीच्या मुठी बनवणारं. मग सायकलचे पंप आणि सेल्युलॉइडची मडगार्डं. 'नोवेट' आणि 'क्लब स्पेशल' ही त्यांची मॉडेल्स इथल्या जुन्या सायकलवाल्यांना आजही पाठ आहेत. आपल्याकडे जुने लोक जावा आणि राजदूतची नावं ज्या स्वरात घेतात, अगदी त्याच स्वरात ही नावं घेतली जातात.

सेल्युलॉइडचा मूळपुरुषही जवळचाच. बर्मिंगहॅमच्या अलेक्झांडर पार्क्सने 'पार्कसिन' नावाचा पदार्थ १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडला होता. तिथून पुढे सेल्युलॉइड आलं. हलकं, चकचकीत, हवा तो रंग घेणारं. पण थंडीत तडकणारं आणि काडी लावली तर भस्सकन पेटणारं. दादासाहेब फाळक्यांच्या काळातल्या सिनेमाच्या फिती याच पदार्थाच्या. त्या काळचे आपले कितीतरी मूकपट आज बघायला मिळत नाहीत, त्यात या पदार्थाच्या पेटण्याचा आणि कुजण्याचा मोठा हात आहे. एकाच पदार्थावर 'राजा हरिश्चंद्र' उमटला आणि त्याचंच मडगार्ड लावून इंग्रज कारकून रविवारी फिरायला गेला, याची मला गंमत वाटत राहते.

फ्रान्समध्ये गाडी वेगळ्या रस्त्याने गेली. तिथे १९३४ पासून प्रवासी सायकलींच्या कसोट्या भरवत. खराब डोंगरी रस्त्यांवरून सायकल पळवायची आणि शेवटी काय तुटलं, काय सैल झालं ते बघून गुण कापायचे. म्हणजे चक्क लोड टेस्टिंग! अशा कसोटीत मडगार्ड खडखडलं तर कारागिराची अब्रू जाणार. रेने एर्स आणि अॅलेक्स सिंगर यांनी मग अॅल्युमिनियमची, ठोक्यांची नक्षी असलेली मडगार्डं थेट सायकलच्या सांगाड्याला बोल्टने अशी बसवली की ती सायकलचाच अवयव वाटावीत. आपल्या तांबटाच्या घंगाळ्यावर असतात ना, तसे ठोके. ते नुसते शोभेसाठी नसतात. ठोकल्याने पातळ पत्राही कडक होतो. आमचं इंग्लिश मडगार्ड वाकून सोसणारं, फ्रेंच मडगार्ड ताठ उभं राहणारं. स्वभाव आपापला!

आता पांढरा पट्टा. हात बरा झाल्यावर जुन्या सायकलींच्या सामानाच्या एका बाजारात गेलो होतो. तिथे एक ऐंशीच्या घरातले आजोबा त्यांची युद्धापूर्वीची काळी रॅले घेऊन उभे होते. पाहतो तर काय, तेच दांडीचे ब्रेक, तीच लाल काच, तीच पांढरी शेपटी. बाबांच्या सायकलचा थोरला भाऊच! मी विचारलं, हा पांढरा का? आजोबा म्हणाले, "कायदा, १९३४ चा."

झालं असं की १९३० च्या सुमारास इथल्या रस्त्यांवर मोटारी बेसुमार वाढल्या आणि रात्री मागून धडक बसून सायकलवाले मरायला लागले. सरकार म्हणालं, सायकलला मागे लाल दिवा लावा. गंमत म्हणजे विरोध केला तो सायकलवाल्यांच्याच संघटनेने, सायकलिस्ट्स टूरिंग क्लबने. हा क्लब १८७८ साली हॅरोगेटला स्थापन झाला आणि २०१६ पासून 'सायकलिंग यूके' नावाने चालतो. त्याचे तेव्हाचे सचिव जी. एच. स्टॅन्सर. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल अशाच वेगाने मोटार चालवणं हे मोटारवाल्याचं काम. आज मागचा दिवा सक्तीचा झाला की उद्या तो विझलेला असताना मेलेल्या माणसाचाच दोष ठरणार. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा हट्टीपणा वाटला. दिवा लावायला काय जातं? पण दवाखान्यात मला पहिला प्रश्न विचारला गेला होता, "हेल्मेट होतं का?" मोडलं होतं खांद्याचं हाड! तेव्हापासून स्टॅन्सर साहेबांबद्दल थोडा आदर वाटायला लागलाय. तरी मी दिवा लावतोच.

तर १९३४ मध्ये तडजोड झाली: दिव्याऐवजी लाल काच चालेल, पण जोडीला मागच्या मडगार्डावर पांढरा पट्टा हवा. ही तडजोड पाचच वर्षं टिकली. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं, ब्लॅकआउट आला, रस्त्यावरचे दिवे गेले, मोटारींच्या दिव्यांवर झाकणं आली. त्या अंधारात सायकलला मागचा दिवा सक्तीचा झाला आणि युद्धानंतरही तो कायम राहिला. फुटपाथच्या कडा, झाडांचे बुंधे, मोटारींचे बंपर, सगळं पांढरं रंगवलं. तरी १९४१ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ९,१६९ माणसं मेली. इतकी माणसं त्याआधी किंवा त्यानंतर कुठल्याच वर्षी मेलेली नाहीत.

आणि हा पट्टा सांगलीला कसा पोचला? सरळ आहे. आपल्याकडे कारखाने निघाले ते याच नमुन्यावर. १९४९ मध्ये मद्रासची टीआय सायकल्स निघाली, त्यानंतर आसनसोलची सेन-रॅले. पुढे हिरो, अॅटलस सगळ्यांनी काळी इंग्लिश सायकल जशीच्या तशी उचलली, पांढऱ्या शेपटीसकट. इथे नियम गेला, सायकली बदलल्या. तिथे कारण कोणाला माहीत नाही आणि पट्टा मात्र चालू. आमच्या धंद्यात असा जुना कोड खूप सापडतो. का लिहिलाय ते कोणाला ठाऊक नसतं आणि काढायची कोणाची छाती होत नाही. पण इथे तो कोड काम करत होता! कारण सांगली-मिरज रस्त्यावर बाबा रात्रपाळीहून यायचे तेव्हा डायनामो केव्हाच बंद पडलेला असायचा आणि मागून येणाऱ्या ट्रकला दिसायचा तो पट्टाच.

बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "फट किती ठेवली होतीस?" मी म्हटलं, चार मिलिमीटर. "अरे, आपल्या मडगार्डात बोट जातं. काळ्या मातीत तेही पुरत नाही. वावराच्या वाटेने जाणारे पावसाळ्यात मडगार्ड काढूनच ठेवायचे, नाहीतर चिखल भरून चाक फिरायचं थांबतं." म्हणजे मूळ चूक काय झाली ते त्यांना गोष्ट ऐकूनच कळलं होतं.

दुसऱ्यांदा मडगार्ड घेताना मग नीट घेतलं. माझे टायर ३२ मिलिमीटरचे, म्हणून मडगार्ड ४५ चं. टायरच्या दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर तरी झाकलं गेलं पाहिजे. वर फट पूर्ण एक सेंटिमीटर. जात निवडली ती अॅल्युमिनियमची पट्टी प्लॅस्टिकच्या दोन थरांत दाबलेली, म्हणजे ना थंडीत तडकणार ना खडखडणार. बनवणारी कंपनी जर्मनीतली एसकेएस, पण मॉडेलचं नाव बघा: 'ब्ल्यूमेल्स'! वोल्स्टनचा कारखाना केव्हाच बंद पडला, नाव मात्र जर्मनांनी जपलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्या मडगार्डाच्या तारा ज्या प्लॅस्टिकच्या चिमट्यात बसतात, ते झटका बसला की सुटतात. काटकी अडकली तर मडगार्ड मोकळं होतं, चाक फिरत राहतं. पहिल्या जोडीला हे नव्हतं आणि दुकानदाराने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

बसवताना मागचं आधी बसवलं, कारण तिथे कॅरिअर आणि मडगार्ड एकाच भोकात येतात आणि बोल्ट लांब लागतो. साखळीच्या बाजूला तो आतून बाहेर डोकावला तर सगळ्यात छोट्या दातेरी चक्राला घासतो. तिथे एक वायसर जास्त टाकला. तारा आधी कापायच्या नाहीत, सगळं जागेवर बसवून, चाक फिरवून, मगच करवतीने कापायच्या आणि टोकांना टोप्या घालायच्या. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळायचे.

एक गोष्ट राहिली होती. पुढच्या मडगार्डाला खाली फडका हवा, नाहीतर पाय भिजतात. मागच्याला हवा तो आपल्यासाठी नाही, आपल्या मागून येणाऱ्याच्या तोंडावर पाणी उडू नये म्हणून. इथले जुने क्लबवाले तो भांडी घासायच्या साबणाच्या रिकाम्या बाटलीतून कापायचे. आमच्या घरी त्या दिवशी दुधाचा चार पाइंटचा कॅन रिकामा झाला होता. तो कापला, दोन भोकं पाडली, बोल्ट लावले. व्हिडिओ कॉलवर बाबांना सायकल फिरवून मागून दाखवली. ते चष्मा वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "लाल काच जरा खाली घे. पांढऱ्याच्या लगेच वर असते ती."

घेतली.