इंजिनाची पारख

घोडा विकत घेताना त्याचे दात पाहण्याची रीत फार जुनी आहे. विकणारा सांगेल ते वय खरे न धरता जनावराच्या अंगावरच्या खुणा वाचाव्यात, हा त्यामागील व्यवहार. शालिहोत्राच्या नावावर असलेल्या अश्वशास्त्रातही घोड्याच्या लक्षणांना मोठे स्थान आहे. विसाव्या शतकात घोड्याची जागा मोटारीने घेतली आणि हीच पारख इंजिनाकडे वळली. वापरलेली मोटार घेण्यापूर्वी तिचे इंजिन तपासण्याची विद्या आपल्याकडे कशी रुजली, हा आपल्या अलीकडच्या सामाजिक इतिहासाचाच एक भाग आहे.

या विद्येला खरे महत्त्व आले ते टंचाईमुळे. हिंदुस्थान मोटर्सची स्थापना 1942 मध्ये ओखा बंदरात, म्हणजे तेव्हाच्या बडोदे संस्थानाच्या मुलखात झाली. 1948 मध्ये कारखाना बंगालमधील उत्तरपाड्यास गेला. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला. 1953 च्या सुमारास सरकारने धोरण ठरविले की, ज्यांना मोटारी येथेच टप्प्याटप्प्याने तयार करावयाच्या असतील त्यांनीच या धंद्यात राहावे. त्यानंतर सुटे भाग आणून जुळणी करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांनी गाशा गुंडाळला. मागे राहिल्या मुख्यतः अॅम्बेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड. 1969 मध्ये सरकारने किमतीही बांधून दिल्या आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

परिणाम विचित्र झाला. नव्या फियाटसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. म्हणून हाती तत्काळ येणारी थोडी वापरलेली गाडी नव्याच्या अधिकृत किमतीहूनही महाग विकली जाई. अशा बाजारात विकणारा राजा आणि घेणारा याचक. आयुष्याची पुंजी एका गाडीत घालणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाला आधार असे तो एका मिस्त्रीच्या कानाचा आणि नाकाचा.

या मिस्त्रीची पद्धत पाहण्यासारखी होती. तो प्रथम बॉनेटवर हात ठेवी. इंजिन गरम लागले तर मालकाने ते आधीच चालवून ठेवले आहे, हे उघड होई. कारण दोष उघडे पडतात ते थंड इंजिन सुरू करतानाच. मग ऑइलची पट्टी. ऑइल काळे असणे हा दोष नव्हे. पण ते दुधाळ चहासारखे दिसले तर पाणी ऑइलमध्ये उतरते आहे, बहुधा हेडचे गॅस्केट गेले आहे, असे समजावे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर तीच शंका बळावते. पुढे धुराची परीक्षा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळते; हा दोष पुष्कळदा कार्ब्युरेटरचा आणि स्वस्तात सुटणारा. निळसर धूर म्हणजे गाडी ऑइल खाते. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजले आहेत. पांढरी वाफ थंडीच्या सकाळी स्वाभाविक, परंतु इंजिन तापल्यावरही ती थांबली नाही तर काळजीचे कारण.

शेवटी कॉम्प्रेशन. अॅम्बेसेडर आणि फियाट, दोन्ही चार सिलिंडरच्या. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावयाचा. आकडा किती, यापेक्षा चार आकड्यांत फरक किती, हे महत्त्वाचे. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे: दाब वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. दहा मिनिटांच्या या परीक्षेवर पुढचा बोअरिंगचा मोठा खर्च टळे. विकणारेही कच्चे नव्हते. जाड ऑइल भरून खडखड दाबणे आणि इंजिन धुऊन गळती लपविणे, हे त्यांचे नेहमीचे उपाय.

कायदा या प्रसंगी घेणाऱ्याच्या मदतीला फारसा येत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. 1930 च्या मालविक्री कायद्याच्या 16 व्या कलमाचा मूळ रोख ‘घेणाऱ्याने सावध असावे’ असाच आहे. मालाच्या दर्जाची गर्भित हमी मिळते ती त्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून. शेजाऱ्याकडून गाडी घेतली तर सहसा नाही. शिवाय घेणाऱ्याने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसावयास हवे होते त्यांबद्दल मागाहून तक्रार करता येत नाही. म्हणजे वरवरची तपासणी केवळ निरुपयोगी नव्हे, ती अंगाशी येणारी आहे.

या विषमतेला शास्त्रीय रूप दिले जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने. 1967-68 मध्ये ते दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते. 1970 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात वापरलेल्या मोटारींचेच उदाहरण आहे. गाडीचे खरे रूप विकणाऱ्यालाच ठाऊक असल्याने घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकत नाही, आणि बाजारात खराब मालच उरत जातो. तीन नियतकालिकांनी नाकारलेल्या या निबंधाच्या कर्त्याला 2001 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. म्हणजे आपला मिस्त्री नकळत सगळ्या बाजाराचीच राखण करीत होता. त्याच्या पारखीमुळे चांगल्या इंजिनाला चांगला भाव मिळे.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि टंचाईचे युग ओसरू लागले. पुढे कार्ब्युरेटर गेला, संगणक आला. आता यंत्र जोडले की दोषांचे सांकेतिक क्रमांक वाचता येतात. मात्र ते क्रमांक विक्रीपूर्वी पुसताही येतात आणि झिजलेली रिंग दर वेळी संगणकाला कळतेच असे नाही. जाड ऑइलची जागा पुसलेल्या नोंदीने घेतली, एवढेच. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परिवहन खात्याकडून अधिकृत मान्यता घेणे आवश्यक झाले, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु तो नियम गाडी कोणाच्या ताब्यात आहे याची नोंद ठेवतो, सिलिंडरच्या आत डोकावत नाही.

तेव्हा आजही सकाळी, इंजिन थंड असताना जावे, आरसी बुकातील इंजिन क्रमांक ताडून पाहावा आणि बरोबर असा जाणकार न्यावा ज्याला या सौद्यात दलाली मिळणार नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनी फियाट घेताना पाळलेला हा नियम अजून जुना झालेला नाही.